सुट्टे आहेत का? : मोबाइलमधल्या नोटा आणि चिमटीतल्या नोटा

मागच्या अंकात मी एक ओळ सहज लिहून गेलो. नातीनं माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलंय, त्यात आपल्या देशाच्या जुन्या-नव्या सगळ्या नोटा पुढून-मागून बघायला मिळतात, आणि पहिल्या रात्री मी दीड वाजेपर्यंत जागा होतो. एवढंच. त्या ओळीवर इतकी पत्रं आली की लॉकरचे प्रश्न पुढच्या अंकात ढकलावे लागले. लॉकरवाल्यांनी राग धरू नये.

नवीन वाचकांसाठी माझी ओळख. सोलापुरातल्या एका बँकेत १९८१ ला लागलो, २०१८ ला सुटलो. त्यातली बरीच वर्षं कॅश काउंटरच्या जाळीमागं गेली. नोटांवरची पुस्तकं मी फार वाचलेली नाहीत. माझा अभ्यास बोटांचा. ॲप कुणा हौशी माणसानं बनवलेलं दिसतं. त्याचं नाव छापत नाही, फुकट जाहिरात नको. शिवाय त्यात चुका आहेत, त्या खाली येतीलच.

काका, आजोबांच्या ट्रंकेत जुन्या नोटांचं पाकीट सापडलं. तुमच्यासारखंच एक ॲप मीही घेतलं, पण त्यात शंभराच्या एकाच नोटेची वीस-पंचवीस चित्रं येतात. आमची नोट त्यातली नेमकी कुठली, हे कसं ओळखू?
— कॉलेज विद्यार्थिनी, साखर पेठ

पोरी, चित्र बाजूला ठेव, आधी सही बघ. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. गव्हर्नर कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत होते ते कळलं की तुझी नोट चार-पाच वर्षांच्या फटीत बसते. चांगल्या ॲपमध्ये सह्यांचं वेगळं पान असतं. नसेल तर ते ॲप नुसता फोटोंचा अल्बम आहे.

मग नोट उलटी कर. मागच्या बाजूला छपाईचं साल आहे का बघ. २००५ पासूनच्या नोटांवर ते छापायला लागले. साल नसेल तर नोट त्याआधीची. रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्ये अशा बिनसालाच्या नोटा परत गोळा करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या काउंटरवर लोक नोटा उलट्या करकरून बघायचे. चष्मा विसरलेली म्हातारी माणसं मलाच विचारायची, "साहेब, साल हाय का बघा की."

त्यानंतर नंबर. नंबराच्या मागं कधी कधी एक बारीक इंग्रजी अक्षर असतं. एकाच सहीच्या, एकाच सालाच्या नोटांत फरक करायला जमवणाऱ्यांना ते उपयोगी पडतं. पुढच्या अक्षरांनंतर छोटी चांदणी दिसली तर घाबरू नकोस. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली ती नोट. या चांदणीच्या नोटा बनावट असल्याची आवई २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवर उठली होती आणि रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. त्या इतर नोटांइतक्याच खऱ्या.

आता ॲपची चूक. माझ्या ॲपनं एक रुपयाची नोट 'रिझर्व्ह बँकेच्या नोटा' या सदरात टाकलीय. हे पटण्यासारखं नाही. एकची नोट हातात घे आणि वाच. वर 'भारत सरकार' लिहिलेलं असतं, सही गव्हर्नरची नसते, अर्थ मंत्रालयाच्या सचिवांची असते. 'मैं धारक को... अदा करने का वचन देता हूँ' हे वाक्यही तिच्यावर नसतं, कारण ती बँकेचं वचन नव्हे, सरकारचंच चलन. पहिली एकची नोट ३० नोव्हेंबर १९१७ ला निघाली, पंचम जॉर्ज राजाच्या चित्राची. पहिल्या महायुद्धात चांदी मिळेना, रुपयाचं नाणं पाडणं जड जाऊ लागलं, म्हणून कागद. तेव्हा रिझर्व्ह बँक जन्मालाही आली नव्हती; ती १ एप्रिल १९३५ ची, आणि तिची स्वतःची पहिली नोट, पाच रुपयांची, जानेवारी १९३८ ची. त्यामुळं पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. तुझ्या पाकिटात ती निघाली तर कुणीतरी आजोबांची मस्करी केलीय.

सह्यांतली एक गंमत सांगतो. मनमोहन सिंग यांची सही दोन वेगळ्या हुद्द्यांनी सापडते. सत्तरीच्या अखेरीच्या एकच्या नोटेवर ते अर्थ मंत्रालयाचे सचिव आहेत, आणि १९८२ ते १९८५ मधल्या मोठ्या नोटांवर गव्हर्नर. त्या दुसऱ्या सहीच्या गड्ड्याच्या गड्ड्या मी मोजल्यात आणि एकही बाजूला काढून ठेवली नाही. कोऱ्या करकरीत नोटा होत्या. पगारच साडेसातशे-आठशेचा, बाजूला काय काढणार! उलटा प्रकार के. जी. अंबेगावकरांचा. १९५७ मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, त्या काळातली त्यांच्या सहीची मोठी नोट नाही. पण सचिव असतानाची एकची नोट आहे. मनमोहन सिंगांच्या सहीच्या दोन्ही नोटा ॲपमध्ये शेजारी-शेजारी ठेवून बघ, मजा येते.

आणि आजोबांच्या नोटांना सेलोटेप लावू नकोस, इस्त्री फिरवू नकोस. डाव्या बाजूला भोकं दिसतील, तो उंदीर नव्हे, आम्हीच. गड्डीला पिना मारायची पद्धत होती, २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ती बंद करायला लावली. त्या पिना काढताना माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाचा जो आकार झाला तो अजून तसाच आहे.

माझी आई विड्या वळते. तिला फक्त तेलुगू वाचता येतं. ती म्हणते नोटेवर आपली भाषा आहे. मला ॲपमध्ये मोठं करून बघितलं तरी कुठली ओळ ते कळेना, कारण मी शिकले मराठी शाळेत.
— भद्रावती पेठ

ताई, आई बरोबर सांगते. नोटेच्या मागच्या बाजूला डावीकडं उभी पट्टी असते, त्यात पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते. क्रम लावलाय भाषांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांनी: असमिया पहिली, उर्दू शेवटची. वरून मोजत या. चौथी ओळ कन्नड, आठवी मराठी, चौदावी तेलुगू, पंधरावी उर्दू. मराठी अगदी मधोमध, सात तिच्यावर, सात खाली. तेलुगू आणि उर्दू तळाशी एकमेकींना खेटून, तुमच्या पेठेत राहतात तशाच.

हे मी पहिल्यांदा नीट मोजलं ते ॲपमध्येच. इतकी वर्षं नोटा हाताळल्या, पण पट्टी वाचायला कधी वेळ झाला नाही. काउंटरला नोटेची मागची बाजू आम्ही फक्त फाटली आहे का ते बघायला बघतो. फोनवर दोन बोटांनी चित्र ताणलं आणि एकेक ओळ वाचत बसलो. मराठी आली तेव्हा आपल्या गल्लीत आल्यासारखं वाटलं. कन्नड लिपी ओळखू येते कारण आमच्या ब्रँचला अर्धे खातेदार तिकडचे. तेलुगू ओळ मात्र मी शेजारच्या यंत्रमागवाल्या मालकांकडून वाचून घेतली. त्यांनी वाचली आणि विचारलं, "साहेब, सदतीस वर्षं नोटा मोजलात आणि हे आत्ता विचारताय होय?"

तुमच्या प्रश्नानं मला ॲपचा आणखी एक कप्पा उघडावा लागला: संस्थानांच्या नोटा. आपल्याकडून नळदुर्गच्या रस्त्याला लागलं की जुन्या काळी निजामाची हद्द सुरू व्हायची. तिथं वेगळा रुपया चालायचा. माझी आजी तुळजापूरकडची, ती शेवटपर्यंत 'हाली' आणि 'कलदार' असा भेद करून बोलायची. हाली म्हणजे निजामाचा, कलदार म्हणजे इंग्रजांचा. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब. लहानपणी मला ते उखाण्यासारखं वाटायचं. निजामाच्या सरकारनं १९१८ पासून कागदी नोटाही काढल्या, आणि त्या नोटांवर उर्दूसोबत मराठी, तेलुगू आणि कन्नड होती. म्हणजे आज सोलापुरातल्या एखाद्या चौकात उभं राहिलं तर ज्या चार भाषा कानावर पडतात, त्याच चार. आजीनं ज्या नोटांनी बाजार केला त्यांचं चित्र मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मोबाइलवर बघितलं. दीड वाजेपर्यंत जागण्याचं कारण हे होतं.

आईला पुढच्या आठवड्याचा पगार मिळाला की पाचशेची नोट उलटी करून खालून दुसरी ओळ दाखवा. अक्षर फार बारीक आहे. तेवढ्यापुरतं ॲपमधलं चित्र मोठं करून दिलंत तरी चालेल.

गिऱ्हाइकानं दिलेली पाचशेची नोट मी ॲपमधल्या चित्राशी ताडून बघितली. रंग, लाल किल्ला, नंबर, सगळं हुबेहूब. दुसऱ्या दिवशी बँकेत ती बनावट निघाली आणि ठेवूनच घेतली. मग ॲपचा उपयोग काय? स्कॅन करून खरी-खोटी सांगणारं ॲप असेल तर सांगा.
— टॉवेल-चादरीचे व्यापारी, चाटी गल्ली

मालक, तुम्ही चादर विकता. गिऱ्हाईक दुकानात येऊन चादर कशी बघतं? आधी चिमटीत धरतं, मग उजेडात नेतं, मग उलटी करतं. फोटो बघून माल उचलणारा गिऱ्हाईक तुम्हाला आवडतो, पण तुम्ही स्वतः तसं सूत घेता का? नोटेचंही तेच. चित्र काय, नोट छापणाऱ्या चोराकडंही असतं. त्याचं सगळं कसब चित्रातच खर्च होतं. तुम्ही त्याचं चित्र ॲपमधल्या चित्राशी ताडलंत, म्हणजे तो जिथं पक्का तिथंच त्याची परीक्षा घेतलीत.

फोटोत जे येत नाही ते बघायचं. नोटेचा कागद कापसाचा असतो, लाकडाच्या लगद्याचा नसतो. म्हणून खिशात राहून धुतली गेली तरी ती पिठासारखी होत नाही. कोरी नोट झटकली की कडक भाकरी मोडल्यासारखा आवाज येतो. (ही उपमा सोलापूरबाहेर कळणार नाही, नाइलाज.) गांधीजींच्या चित्रावरून, अशोकस्तंभावरून बोट फिरवा, शाई कागदाच्या वर उठलेली लागते. नोट तिरकी करा, मधली धाग्याची पट्टी हिरव्याची निळी होते. दोनशे आणि पाचशेच्या नोटेवर खाली उजवीकडं रुपयाच्या चिन्हासह छापलेला आकडाही तसाच रंग बदलतो. मग उजेडासमोर धरा. मोकळ्या जागेत गांधीजी उमटतात आणि शेजारी आकडा. पुढच्या बाजूला अर्धवट दिसणारा एक छोटा आकडा असतो, त्याचा उरलेला भाग मागच्या बाजूला छापलेला असतो. उजेडात दोन्ही जुळून पूर्ण आकडा दिसतो. या सगळ्याला पाच सेकंद लागतात. दुकानात गर्दी असेल तर निदान बोट आणि तिरकी नोट, एवढं तरी करा.

स्कॅन करून 'खरी' असा हिरवा शिक्का देणारी ॲपं फिरतात. मी दोन वापरून बघितली. एकानं माझ्या नातीनं काढलेल्या रंगीत झेरॉक्सला खरं ठरवलं. (झेरॉक्स मी लगेच फाडून टाकली. नोटेची नक्कल घरात ठेवू नये.) मोबाइलचा कॅमेरा चित्र बघतो, शाईचा उठाव त्याला लागत नाही.

तुमच्यावर हसत नाहीये. माझ्यावरही आलंय. १९९९ चा उन्हाळा, लाइट गेलेली, काउंटरवर एका भरण्यात पाचशेच्या दोन खोट्या नोटा माझ्या हातून गेल्या. संध्याकाळी कॅश बंद करताना सापडल्या, पण तोवर भरणा कुणाचा ते सांगता येईना. हजार रुपये पदरचे भरले. तेव्हा हजार म्हणजे घरात महिनाभराचं दूध आणि किराण्यातला मोठा वाटा. बायकोला सांगितलं नाही, सांगितलं ते निवृत्तीनंतर, तेव्हा ती म्हणाली की "मला तेव्हाच कळलं होतं, तुम्ही तीन दिवस भात परत मागितला नाही."

बँकेनं नोट ठेवून घेतली ते नियमाप्रमाणंच. तुमच्यासमोर तिच्यावर 'बनावट' असा शिक्का मारायचा आणि तुम्हाला पावती द्यायची, हे मात्र त्यांच्याकडून मागून घ्या. एका भरण्यात चारपर्यंत निघाल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या तर थेट गुन्हा नोंदवला जातो. पैसे परत मिळत नाहीत. आणि एक स्पष्ट सांगतो, बाजारात 'चालवून टाकू' म्हणतात तसलं काही करू नका. खोटी आहे हे कळल्यावर पुढं सरकवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो तुमच्या नावावर पडतो.

मी दृष्टिहीन आहे, हार्मोनियम शिकवतो. हे पत्र विद्यार्थ्याकडून लिहून घेतोय. नोटा दाखवणाऱ्या ॲपचा मला काय उपयोग? पाचशे आणि दोनशेत हल्ली फार गोंधळ होतो.
— अशोक चौक

गुरुजी, दाखवणाऱ्या ॲपचा काही नाही, सांगणाऱ्याचा आहे. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० ला 'मनी' नावाचं ॲप काढलं. मोफत आहे, एकदा घेतलं की इंटरनेट लागत नाही. कॅमेऱ्यापुढं नोट धरली की आकडा बोलून दाखवतं. पुढची बाजू, मागची बाजू, दुमडलेली, काहीही चालतं. सुरुवातीला हिंदी-इंग्रजी होतं, नंतर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दूसह आणखी भाषा आल्या. आवाज नको असेल तर फोन थरथरून सांगण्याची सोय आहे. ते नोट किती रुपयांची ते सांगतं, खरी की खोटी ते नाही. हे ते स्वतःच कबूल करतं, म्हणून मला आवडलं.

गोंधळ होणारच. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब, दोनशेची १४६. चार मिलिमीटर! उंची दोन्हींची ६६. हे ज्यानं ठरवलं त्यानं डोळे मिटून एकदा तरी हिशेब करून बघितला असता तर बरं झालं असतं. सुदैवानं कडेच्या उठलेल्या रेघा आहेत. पाचशेला पाच रेघा. दोनशेला चार, आणि मध्ये दोन गोल. शंभरला चार, गोल नाहीत. उजव्या बाजूला खूणही असते: शंभरला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ, दोनशेला इंग्रजी 'एच' अक्षरासारखी. कोऱ्या नोटेवर हे लख्ख लागतं. मळलेल्या नोटेवर माझ्या बोटांनाही लागत नाही, आणि माझी बोटं याच कामाचा पगार घ्यायची. तुमच्या बोटांना पट्ट्यांची सवय आहे, विद्यार्थ्यांकडून पाच-दहा कोऱ्या नोटा मागवून सराव करून बघा. बाजारात मात्र 'मनी' जवळ ठेवा.

ॲपवर ट्रॅक्टरच्या पाचच्या नोटेला दोन लाख किंमत दाखवलीय. माझ्याकडं तीन आहेत. फोन केला तर 'रिझर्व्ह बँकेची नोंदणी फी' म्हणून आधी २,१०० भरा म्हणतात.
— जुळे सोलापूर

भरू नका. ते ॲप आत्ता काढून टाका. रिझर्व्ह बँक जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, कमिशन घेत नाही, फी घेत नाही. तिच्या नावानं असे पैसे मागतात म्हणून तिनंच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिलाय. तुमच्या तीन नोटांचे पंधरा रुपये होतात, चहा येईल. आणि नोटा दाखवणारं ॲप तुमचे मेसेज आणि फोन नंबरांची यादी वाचायची परवानगी मागत असेल तर त्याला नोटांशी काही देणंघेणं नाही.

शंभराची नवी नोट उंदरानं कुरतडली. अर्ध्याहून जास्त आहे. पूर्ण पैसे मिळतील का?
— एक गृहिणी, होटगी रोड

'अर्ध्याहून जास्त' हा जुना समज, तो फक्त वीस रुपयांपर्यंतच्या नोटांना लागू आहे. पन्नास आणि वरच्या नोटांना नियम वेगळा: सगळ्यात मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० मध्ये असेल तर निम्मे, ४० च्या खाली काही नाही. इथं ॲप खरंच कामाला येतं. त्यात नोटेची मापं असतात: जांभळ्या शंभराची १४२ बाय ६६ मिलिमीटर. म्हणजे अंदाजे ९४ चौरस सेंटिमीटर. पूर्ण पैशांना ७५ लागतात, निम्म्याला ३८. मुलाच्या वहीतला आलेख कागद घ्या, तुकडा त्यावर ठेवा आणि चौकोन मोजा. आम्ही असंच करायचो. मग कुठल्याही बँकेत जा, खातं तिथं असलंच पाहिजे असं नाही. 'इथं घेत नाही' म्हणाले तर नियम विचारा, आवाज न चढवता.

आईच्या पैठणीच्या घडीत दोन हजाराच्या दोन नोटा सापडल्या. ॲपमध्ये त्या 'रद्द' म्हणून दाखवतात.
— विजापूर रोड

ॲप चुकलं. रद्द झाल्या त्या ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जुन्या पाचशे आणि हजाराच्या. दोन हजाराची नोट १९ मे २०२३ ला चलनातून मागं घेतली, रद्द केली नाही. मात्र आपल्या बँकेत बदलायची मुदत ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत त्या घेऊ लागले. आपल्याला मुंबई, बेलापूर, नागपूर किंवा हैदराबाद. पोस्टानं पाठवून खात्यात जमा करून घ्यायचीही सोय केली होती. निघण्याआधी चौकशी करा. चार हजारांसाठी दोघांचं तिकीट काढून मुंबई गाठू नका.

आजोबा, गड्ड्याच्या जत्रेत मी 'मनोरंजन बँक'ची पाचशेची गड्डी घेतली. ताई म्हणते पोलीस पकडतील. खरं का?
— इयत्ता पाचवी

तुला नाही पकडणार. सिद्धेश्वराच्या यात्रेत मीही तुझ्याएवढा असताना अशा नोटांनी व्यापार खेळलोय. पण खऱ्या नोटेसारखा दिसणारा कागद छापणं भारतीय न्याय संहितेच्या १८२ व्या कलमात गुन्हाच आहे, त्यामुळं छापणाऱ्यानं जपायला हवं. तू एवढंच कर, ती गड्डी बाबांच्या पाकिटाजवळ ठेवू नकोस. सकाळच्या घाईत दूधवाल्याला गेली की ताईचं खरं होईल.

सगळ्या नोटा बघितल्या. महाराष्ट्राचं त्यांच्यावर काय आहे? सोलापूरचं तर काहीच नाही.
— निवृत्त शिक्षक, मंगळवेढा

सर, वीसच्या हिरवट-पिवळ्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत, ती तर रोज खिशात असतात. एकच्या नोटेवर समुद्रात तेल काढणारा 'सागर सम्राट' आहे, तो आपल्या मुंबई हायचा. सह्यांत चिंतामणराव देशमुख आहेत, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. आणि नोटा छापायला आपल्याकडं सुरुवात झाली ती नाशिक रोडला, १९२८ मध्ये. त्याआधी त्या इंग्लंडहून छापून यायच्या. सोलापूरचं काही नाही हे खरं. कागद कापसाचा आहे, एवढ्यावर समाधान मानून घ्या. गिरण्यांचे भोंगे गेले, नोटेत कापूस राहिला.

पण तुम्ही ॲपमध्ये एक नोट बघितली नाहीत असं दिसतं, नाहीतर हा प्रश्न आला नसता. १९५४ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजाराच्या नोटा पुन्हा सुरू झाल्या. हजारावर तंजावरचं मंदिर, दहा हजारावर अशोकस्तंभाचे सिंह, आणि मधल्या पाच हजाराच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया. जानेवारी १९७८ मध्ये तिन्ही रद्द झाल्या. मी नोकरीला लागलो त्याच्या तीन वर्षं आधी. आमचे जुने हेड कॅशियर सांगायचे की सबंध नोकरीत त्यांनी पाच हजाराची नोट दोनदा हाताळली, आणि दुसऱ्यांदा मुद्दाम दोन वेळा मोजली, एकच असून.

मी ती फक्त ॲपमध्ये बघितलीय. ताणून ताणून कमानीचे दगड मोजले. वाचकांपैकी कुणाच्या घरी जुन्या वहीत, देव्हाऱ्याच्या कप्प्यात असली, तर मला विकत नको. संपादकांना कळवा, मी येतो. दोन मिनिटं हातात द्या, चहा माझ्याकडून.